तळघरात पाणी आलं, पण कुठून?



आजचा विषय ऐकून कुणी म्हणेल, हे तर प्लंबरचं काम, यात बचत गटाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आम्हाला भिजलेल्या उडदानं शिकवला. म्हणून आज तळघरात, जमिनीखालच्या कोठीत किंवा भिंतीच्या पायाशी पाणी येऊ लागलं तर काय करायचं, ते सांगणार आहोत. आमच्याकडून काय चुकलं, तेही सांगणार आहोत.

आमचा भाग काळ्या मातीचा. गावात अजून माळवदाची घरं आहेत आणि चार-पाच जुन्या वाड्यांना तळघर आहे. पूर्वी तिथं धान्य ठेवायचे. उन्हाळ्यातसुद्धा गारवा राहतो म्हणून आमच्या गटाचा मालही अशाच एका तळघरात असतो. वाडा गटातल्याच एका वहिनींचा. भाडं घेत नाहीत, खालच्या दिव्याचं बिल तेवढं गट भरतो. नवा उडीद बाजारात आला की भाव जरा उतरतो, म्हणून आम्ही बँकेच्या कर्जातून सहा क्विंटल उडीद घेऊन ठेवला होता. उन्हाळ्यात पापडाला तोच लागतो.

मार्गशीर्षातली गोष्ट. पाऊस थांबून दीड महिना होऊन गेला होता. सकाळी वहिनी खाली उतरल्या तर शेवटच्या पायरीवर पाणी. घोट्याएवढं. खालच्या थरातली पोती भिजून फुगलेली.

आधी जीव, मग माल

निरोप मिळताच आम्ही पाच-सहा जणी धावलो. एक जण पदर खोचून थेट पाण्यात उतरायला निघाली. पाकिटं बंद करायचं यंत्र खाली स्टुलावर होतं, त्याची वायर पाण्यात लोंबत होती आणि प्लग बोर्डातच होता. वहिनींच्या सासूबाई वरून ओरडल्या, "अगं, आधी मेन बंद करा!" त्या ओरडल्या नसत्या तर आज हा विषय वेगळ्याच कारणानं सांगावा लागला असता.

म्हणून पहिला नियम. तळघरात पाणी दिसलं की कोरड्या जागी उभं राहून घराचा मेन स्विच बंद करायचा. मेन स्विचच पाण्याच्या पलीकडे असेल तर तिकडे जायचं नाही. लाइनमनला बोलावून खांबावरून वीज तोडायला सांगायची. तोवर पोती भिजली तर भिजू द्यायची.

दुसरा नियम हवेचा. बरेच दिवस बंद असलेलं तळघर, पेव किंवा हौद यात ताजी हवा कमी असते. सडलेला चिखल किंवा मैला असेल तर विषारी वायूही साठतो. जुनी माणसं कंदील सोडून बघतात. कंदील विझला तर हवा कमी आहे, एवढं कळतं. पण तो जळत राहिला म्हणजे खाली विषारी वायू नाही, असं मात्र कळत नाही. दार-झरोके उघडून बराच वेळ वारा खेळू द्या. एकटीनं उतरू नका, वर कुणीतरी उभं पाहिजेच. आणि खाली गेलेलं माणूस कोसळलं तर त्याच्यामागोमाग उडी घेऊ नका. एकापाठोपाठ एक माणसं गेल्याच्या बातम्या आपण ऐकतो, त्या अशाच घडतात.

तिसरा नियम उपशाचा. पाणी काढायला डिझेलचं किंवा पेट्रोलचं इंजिन तळघरात ठेवून चालवायचं नाही. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नसतो आणि बंद जागेत तो थोड्या वेळात जीव घेतो. इंजिन बाहेर उघड्यावर ठेवा, पाइप आत सोडा. पाणी घोट्याएवढंच असेल तर बादल्या बऱ्या. पण पूर किंवा मोठा पाऊस झाल्यावर तळघर निम्मं भरलं असेल तर सगळं पाणी एका दमात उपसू नका. बाहेरची माती पाण्यानं जड झालेली असते आणि आतलं पाणीच भिंतीला टेकू देत असतं. ते एकदम गेलं तर जुनी भिंत आत ढासळू शकते. रोज साधारण एक-तृतीयांश काढायचं.

आमची चूक

पाणी बादल्यांनी उपसलं. भिंत बघितली तर पश्चिमेच्या कोपऱ्यातून पाझर चालू होता. त्या कोपऱ्याच्या पलीकडे शेजारच्या काकूंची मोरी. काकूसुद्धा आमच्याच गटातल्या. कुणीतरी म्हणालं, "यांच्या मोरीचंच पाणी." दुसरीनं री ओढली. तिसरीनं काकूंच्या दारात जाऊन चार शब्द सुनावले. गटाचं नुकसान त्यांनी भरून द्यावं, इथपर्यंत बोलणं गेलं. काकू काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या दोन बैठकींना आल्या नाहीत. त्यांच्या सुनेचं गटातलं कर्ज मंजूर व्हायचं होतं, तो अर्जही त्यांनी परत मागितला.

मिस्त्रीला बोलावलं. त्यानं भिंतीवर हात फिरवला आणि सांगितलं, "आतून सगळं सिमेंटचं प्लास्टर आणि वॉटरप्रूफिंग करा, 22,000 रुपये लागतील." गटाकडे एवढे पैसे नव्हते, हेच बरं झालं. कारण पाणी कुठून येतंय हे मिस्त्रीनंही शोधलं नव्हतं. आतून प्लास्टर केलं असतं तरी पाणी थांबलं नसतं. दगडमातीच्या भिंतीवर सिमेंट लिंपलं की आतली ओल आतच कोंडते आणि वर चढायला लागते. मग वर्षभरात पोपडे पडतात, लोणा लागतो.

मैत्रिणींनो, पाणी जिथं दिसतं तिथंच ते फुटलेलं असतं असं नाही. पाणी उताराला जातं. पायाच्या दगडांच्या सांध्यातून, उंदरांच्या बिळातून, जुन्या मुळांच्या पोकळीतून ते पंधरा-वीस फूट चालत येतं आणि जिथं वाट मिळेल तिथं बाहेर पडतं. म्हणून ओला कोपरा बघून कुणावर बोट ठेवायचं नाही, आणि ओला कोपरा बघून पैसेही खर्च करायचे नाहीत.

पाण्याची वही

मग करायचं काय? गटात आपण पैशांची वही ठेवतो. कुणी किती भरले, कधी भरले, व्याज किती. तशीच आम्ही पाण्याची वही सुरू केली.

एका काठीवर बोटाबोटाच्या अंतरावर खुणा केल्या आणि ती ओल्या कोपऱ्यात उभी केली. रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला वहिनींच्या मुलीनं पायरीवरून बॅटरीच्या उजेडात खूण वाचायची, वहीत लिहायची आणि मग पाणी उपसून काठी रिकामी करायची. शेजारी तीन गोष्टी लिहायच्या. आज नळ आला का? घरात धुणं-आंघोळी कधी झाल्या? पाण्याला वास आहे का?

आमच्या गावात नळ दर तिसऱ्या दिवशी येतो, सकाळी सात ते आठ. आठ दिवसांच्या वहीतून जे दिसलं ते असं. नळ आला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चार बोटं पाणी. नळ नसलेल्या दिवशी एक बोट. आणि त्या एका बोटाच्या पाण्याला साबणाचा वास.

म्हणजे पाणी दोन होती. मोठं पाणी नळाच्या वेळेशी बांधलेलं होतं. लहान पाणी रोजच्या सांडपाण्याशी. काकूंच्या घरी तर नळाची जोडणीच दुसऱ्या गल्लीतून आहे. मोठं पाणी त्यांचं असूच शकत नव्हतं. वही बघून आम्ही सगळ्या गप्प झालो.

घरच्या घरी चार परीक्षा

आता वहीतला अंदाज पक्का करायचा होता. त्यासाठी चार परीक्षा सांगतो. एकीलाही खर्च नाही म्हटलं तरी चालेल.

पहिली परीक्षा टाकीची. वरची टाकी भरून घ्या, पाण्याच्या पातळीवर खूण करा, घरातले सगळे नळ घट्ट बंद करा आणि रात्रभर कुणी पाणी वापरू नका. सकाळी पातळी उतरली असेल तर टाकीपासून नळांपर्यंतच्या पाइपात किंवा टाकीतच गळती आहे. वहिनींच्या टाकीची पातळी जागच्या जागी राहिली. म्हणजे टाकीच्या पुढचं सगळं ठीक होतं. राहिला रस्त्यापासून टाकीपर्यंतचा पाइप.

दुसरी परीक्षा त्याच पाइपाची. नळाला पाणी आलं की टाकीच्या तोंडाशी असलेला कॉक बंद करायचा, म्हणजे पाणी पाइपात दाबून राहतं पण पुढं जात नाही. मग पाइपाच्या रेषेवरून हळूहळू चालायचं. कुठं माती ओलसर होते, कुठं बारीक सूं आवाज येतो, ते बघायचं. लोखंडी पहार जमिनीला टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावला तर आवाज चांगला कळतो. वहिनींच्या अंगणात तुळशीवृंदावनापासून तीन हातांवर तो आवाज आला. त्याच जागी अंगणातलं गवत भर थंडीत हिरवंगार होतं. रोज सगळ्यांच्या नजरेसमोर होतं, पण त्याचा अर्थ कुणी लावला नव्हता.

तिसरी परीक्षा रंगाची. खायचा लाल रंग बादलीभर पाण्यात कालवून मोरीत ओतायचा आणि वरून चार-पाच बादल्या साधं पाणी सोडायचं. मग तळघरात वाट बघायची. कधी दोन तासांत, कधी दोन दिवसांत रंग उतरतो. एका वेळी एकाच मोरीत रंग टाकायचा, नाहीतर कोणाचा कोणता ते कळत नाही. ही परीक्षा करताना काकू स्वतः आल्या आणि म्हणाल्या, "आधी माझ्या मोरीत ओता, सगळ्यांच्या समोर ओता." ओतला. तीन दिवस वाट बघितली. तळघरात लाल थेंब आला नाही. मग वहिनींच्या मोरीत ओतला. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यात गुलाबी पाणी.

चौथी परीक्षा आम्हाला लागली नाही, पण तुम्हाला उपयोगी पडेल. भिंत नुसती दमट वाटते, पाणी वाहत नाही, अशा वेळी हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. कागदाच्या खोलीकडच्या बाजूला थेंब जमले तर ती हवेतली ओल आहे, गार भिंतीवर दवासारखी धरते. त्यावर उपाय वारा खेळता ठेवणं हाच. कागदाच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय.

खोदल्यावर काय दिसलं

गवताच्या जागी खोदलं. पाइप वीतभरच खोल होता. खाली वाळू नाही, मुरूम नाही, नुसती काळी माती. मैत्रिणींनो, काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. प्रत्येक वर्षी ती पाइपाला वर ढकलते, खाली ओढते. पाइपाचा जोड कच्चा असेल तर तो निसटतोच. इथं जोडावर सोल्यूशन नीट लावलेलंच नव्हतं. वरून ट्रॅक्टरची ट्रॉली गेली होती ती वेगळीच.

याहून वाईट गोष्ट पुढं होती. फुटका जोड मोरीच्या नालीच्या अगदी कडेला, नालीपेक्षा खाली होता. आणि नालीची फरशी तडकलेली. नळाला पाणी असतं तेव्हा जोडातून पाणी बाहेर पडतं. पण नळ बंद झाला की पाइपातला दाब जातो, आणि बाहेरचं साचलेलं घाण पाणी त्याच भेगेतून आत ओढलं जातं. तिसऱ्या दिवशी नळ सोडला की पहिलं पाणी तेच. वहिनींच्या नातवाला महिन्यात दोनदा जुलाब झाले होते. आम्ही ते बाहेरच्या खाण्यावर ढकललं होतं.

ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक पाण्यात क्लोरीन आहे का ते ओटी चाचणीनं बघतात. पाण्यात औषधाचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पाणी पिवळसर होतं. गल्लीच्या सार्वजनिक नळाचं पाणी पिवळं झालं, वहिनींच्या नळाचं झालं नाही. म्हणजे वाटेत कुठंतरी घाण मिसळत होती आणि क्लोरीन तिथंच खर्ची पडत होता. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण आणि किट देण्याची तरतूद आहे. तुमच्या गावात त्या पाच जणी कोण आहेत, ते विचारून ठेवा. तळघरात किंवा अंगणात नळाच्या पाण्याची गळती दिसली की दुरुस्ती होईपर्यंत पिण्याचं पाणी दुसरीकडून आणा किंवा खळखळ उकळून घ्या. आमच्या दृष्टीनं उडदाच्या नुकसानीपेक्षा हे नुकसान मोठं होतं.

दुरुस्ती कशी केली

गावातल्या प्लंबरनं अर्ध्या दिवसात काम केलं, पण आम्ही उभ्या राहून करून घेतलं. तुम्हीही काय बघायचं ते लक्षात ठेवा.

जोडाच्या दोन्ही बाजूंचा खराब पाइप सरळ कापला पाहिजे. टोकं कोरडी पुसून, पॉलिश पेपरनं घासून मगच सोल्यूशन लावायचं, पाइपाला बाहेरून आणि कपलिंगला आतून. पाइप आत सारताना थोडा फिरवून, क्षणभर दाबून धरायचा. ओल्या पाइपावर सोल्यूशन धरत नाही, त्यामुळे खड्ड्यातलं पाणी आधी काढलंच पाहिजे. मग एक दिवस वाळू द्यायचं. पाणी सोडून जोड डोळ्यांनी बघायचा आणि त्यानंतरच माती लोटायची. आपल्याकडे उलट होतं. आधी माती लोटतात आणि पाणी सोडून बघायचं राहूनच जातं.

पाइप दोन-अडीच फूट खोल घेतला. काळी माती काढून खाली आणि भोवती वाळू-मुरूम भरला. नालीपासून पाइपाची वाट बाजूला सरकवली. पिण्याच्या पाण्याचा पाइप सांडपाण्याच्या नालीपासून जमेल तेवढा लांब हवा, आणि ओलांडायचीच वेळ आली तर नालीच्या वरून जायला हवा, खालून नाही.

मोरीचं काम त्याहून सोपं निघालं. जाळीभोवतीचं सिमेंट निघालं होतं आणि पाणी जाळीत जाण्याऐवजी कडेनं पायात उतरत होतं. जुनं सिमेंट खरवडून भेग नव्यानं भरली, फरशीचा उतार जाळीकडे करून घेतला, नालीची तडकलेली फरशी बदलली. दोन्ही कामांचं सामान आणि मजुरी मिळून 1,850 रुपये झाले. 22,000 रुपयांचं प्लास्टर आजपर्यंत लागलेलं नाही. पाझर आठ-दहा दिवसांत थांबला, भिंत पूर्ण कोरडी व्हायला मात्र उन्हाळा उजाडला.

तुमच्या घरी कुठून?

प्रत्येक घराचं पाणी वेगळं. खुणा मात्र ठरलेल्या आहेत, त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पाऊस पडल्यावरच येत असेल तर माळवदाच्या पन्हाळीचं किंवा अंगणाचं पाणी पायाशी मुरतंय. भिंतीपासून बाहेर दहा फुटांत निदान सहा इंच उतार करा आणि पन्हाळीचं पाणी भिंतीपासून लांब पडेल असं बघा.

पाऊस संपल्यावरही महिना-दोन महिने सारखंच येत राहिलं, शेजारच्या विहिरींची पातळी वर असली, तर ते जमिनीचं पाणी आहे. ते अडवण्यापेक्षा तळघराच्या सर्वांत खोल कोपऱ्यात लहान खड्डा करून त्यात जमवावं आणि बाहेर काढावं, हे सोपं पडतं.

नळाच्या दिवशी येत असेल तर नळाचा पाइप. रोज थोडं थोडं येत असेल आणि साबणाचा, खरकट्याचा वास असेल तर मोरी. शौचालयासारखा वास असेल तर शौचालयाचा खड्डा भरलाय किंवा टाकी फुटलीय. त्या खड्ड्यात किंवा टाकीत उपसा करायला कुणीही उतरायचं नाही, पैसे देऊन कुणाला उतरवायचंही नाही. 2013 च्या कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि त्यात माणसं मरतात. मैला उपसणारी गाडी मागवायची.

शोषखड्ड्याबद्दलही एक सांगायचं आहे. शोषखड्डा चांगलाच. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे करून उघड्या नाल्या आणि डास कमी केले, हे आपण ऐकलं आहे. पण तळघर असलेल्या घराच्या भिंतीला लागून शोषखड्डा खणला तर तेच पाणी आपण आपल्याच तळघरात सोडतो. तो उताराच्या बाजूला, भिंतीपासून निदान दहा-बारा फूट लांब घ्या. काळ्या मातीत पाणी हळू मुरतं, म्हणून शक्य असेल तिथं सांडपाणी परसबागेतल्या केळीला, अळूला द्या.

आणि थेंबाला कमी लेखू नका. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला 86,400 थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी चार लिटरांवर पाणी. महिन्याला सव्वाशे लिटर. तेवढं पाणी गुपचूप पायात मुरतं.

भिजलेल्या मालाचं काय?

सांडपाण्यानं भिजलेलं धान्य धुऊन, वाळवून विकायचं नाही, खायचं नाही. बुरशी आलेलं धान्य जनावरांनाही घालायचं नाही. बुरशीचं विष पेंड-दाण्यातून जनावराच्या दुधात उतरतं. आमचा दीड क्विंटल उडीद गेला. मन धजत नव्हतं, पण आम्ही तो खड्ड्यात पुरला. वरच्या थरातला कोरडा उडीद उन्हात घालून, निवडून परत भरला.

तळघर धुताना ब्लीचिंग पावडरचं पाणी वापरलं. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद जागेत छातीत भरतो. दार उघडं ठेवूनच धुवा, हातात मोजे घाला.

आता आमची पोती जमिनीवर नसतात. विटांवर फळ्या, फळ्यांवर पोती, आणि भिंतीपासून हातभर मोकळी जागा. पाझर सुरू झाला तर माल भिजण्याआधी डोळ्यांना दिसतो. विजेचा बोर्ड छातीच्या उंचीवर घेतला आणि विजेची गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बसवला. तळघरात किंवा ओल्या जागी गटाचं यंत्र असेल तर हा खर्च टाळू नका.

शेवटी काकूंचं

दुरुस्ती झाल्यावर आम्ही सगळ्या काकूंकडे गेलो. चार शब्द सुनावले होते ते दारात, सगळ्यांच्या देखत. म्हणून माफीही दारातच, सगळ्यांच्या देखत मागितली. काकू म्हणाल्या, "वहीत बघितल्यावर आलात, आधी वही बघितली असती तर?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या बैठकीला आल्या, सुनेचा अर्जही परत आला आणि मंजूर झाला. पण त्या अजून पूर्वीसारख्या मोकळ्या बोलत नाहीत. पाइपाचा जोड एका दिवसात वाळला. हा जोड वाळायला वेळ लागेल, हे आम्हाला कळतं.

त्या बैठकीत आम्ही ठराव लिहिला, तो तुम्हालाही सुचवतो. गटाचा माल ज्या घरात आहे तिथं दर अमावास्येला दोघी जणींनी पायऱ्या, कोपरे आणि बोर्ड बघायचे आणि वहीत सही करायची. पाणी दिसलं तर मेन बंद करायचा आणि आठ दिवस वही लिहायची. वही पूर्ण होईपर्यंत कुणाचं नाव घ्यायचं नाही आणि कुणाला पैसे द्यायचे नाहीत.

तुमच्या घरातला ओला कोपरा आज संध्याकाळी एकदा बघून या. काठी, खडू आणि एक जुनी वही, एवढंच लागतं. काही अडलं तर पुढच्या बैठकीत आपल्या ताईंना विचारा, आम्हालाही कळवा.